पाठीवरचे पाणी

"कोरड्या पिशवीची साक्ष घेऊन मी काय करू?" ताईने विचारले, आणि दुकानदाराचे घोकलेले वाक्य अर्ध्यावरच अडकले.

तो बिचारा मघापासून भिंतीवरच्या सॅक एकेक करून काउंटरवर मांडत होता. डोंगरात धावणाऱ्यांनी पाठीवर पाणी न्यायच्या त्या सॅक होत्या: आत पाण्याची लवचिक पिशवी, तिच्यापासून खांद्यावरून ओठांपर्यंत येणारी बारीक नळी, भोवती पट्ट्यांचा आणि खिशांचा पसारा. ताई प्रत्येक सॅक जवळ ओढून घेई, आणि मग तिच्या बोटांची उलटतपासणी सुरू होई. शिवण दुहेरी आहे की नुसतीच चिकटवलेली? नळीवरचे आवरण थंडीत पाणी गोठू देणार नाही इतके जाड आहे का? ओल्या हातांनी बक्कल उघडते का, आणि उन्हात तापल्यावर प्लॅस्टिकचा वास पाण्यात उतरतो का? ती कौटुंबिक न्यायालयात वकिली करत असे, आणि तिला दिसत नसे. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर या दोन्ही गोष्टी दुकानदाराला कळल्या होत्या. त्यांतली आपल्याला जड जाणारी कोणती, ते त्याला आता उमगत होते.

"ताई, सगळ्या हवामानात चालते ही," तो म्हणाला. "ऊन, पाऊस, बर्फ, काहीही असू द्या."

"तुम्ही पावसात घालून धावलात?"

"मी म्हणजे... कंपनी सांगते."

"म्हणजे ऐकीव पुरावा. पाणी भरून आणा."

मुनी दोन पावले मागे उभा राहून हे ऐकत होता आणि मनातल्या मनात हसत होता. तो तिचा धाकटा भाऊ. बोलायला उशिरा लागला आणि लागल्यावरही बेतानेच बोलला, म्हणून वडिलांनी ठेवलेले 'मुनी' हे नाव चाळिशी उलटली तरी त्याला चिकटून होते. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत असे. "गावभर लोकांना बोलायला दात देता आणि स्वतःच्या तोंडात मात्र मिठाची गुळणी," असे त्याची बायको म्हणे. त्यावरही तो काही बोलत नसे.

बहीणभाऊ गेली कित्येक वर्षे एकत्र धावत होते. सपाट रस्त्यावर ते शेजारी शेजारी धावत, दोघांच्या हातांत एका पट्टीची दोन टोके. पण ताईच्या मनात पहिल्यापासून होती ती डोंगराची धार. त्यांच्या लहानपणीच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची: आभाळाच्या कागदावर कुणी नखाने ओरखडा काढावा तशी. ताई कॉलेजात असताना तिची नजर कडेकडेने विझत आत आली, आणि अखेर मधोमध जे एवढेसे उरले होते, त्यात ती धार होती. पुढे तेही गेले. "मला ती आता पायांनी बघायचीय," असे ती म्हणे, आणि ते इतक्या व्यवहारी सुरात म्हणे की ऐकणाऱ्याला त्यातले काही भिडायच्या आधी ती दुसऱ्या विषयावर गेलेली असे.

दरवर्षी त्या धारेवरून शर्यत होई, हवामान कसेही असो. धारेवरची वाट एका माणसापुरतीच रुंद, म्हणून तिथे मुनीने पुढे धावायचे आणि ताईने मागे, त्याच्या सॅकच्या लूपमध्ये दोन बोटे अडकवून. न दिसणाऱ्या कुणालाही आयोजकांनी आजवर वर सोडले नव्हते. ताईने पत्रांवर पत्रे लिहिली, नियमांतली वाक्ये त्यांच्याच तोंडावर मारली, तेव्हा कुठे त्यांनी एक अट घातली: येत्या रविवारी डोंगर-बचाव पथकाच्या प्रमुख बाई तुमच्याबरोबर धावतील. त्यांनी होकार दिला तर धार. नाही तर पायथ्याचा डांबरी रस्ता, जिथे फुगे घेऊन लहान मुले धावतात.

आणि नेमकी सरावात मुनीची जुनी सॅक दगा देऊन गेली. चढावर पाण्याची पिशवी शिवणीत उसवली. गंमत अशी, की पाठीवरची ओल त्याला जाणवायच्या आधीच ताई मागे जागच्या जागी थांबली होती. "काय झालं?" तिने विचारले होते. तिची बोटे ओली झाली असतील, असे समजून त्याने ते तिथेच सोडून दिले होते.

दुकानदार पाणी आणायला वळला, तोच ताईचा फोन वाजला. तिच्या कारकुनाचा होता. दुपारची सुनावणी अलीकडे आली होती.

"जाते मी," ती काठी उलगडत म्हणाली. "मुनी, तू निवड. पाठ तुझी आहे."

"आणि ताई, किंमत—" दुकानदार.

"त्याच्याशी घासाघीस करा. जिंकाल." आणि काठीच्या टोकाने उंबरा हुडकून ती निघूनही गेली.

दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकला. मग एक काळसर निळी सॅक त्याने अशी उचलली, की जणू तिचा मान राखण्यासाठीच इतका वेळ बाजूला ठेवली होती. आतली पिशवी गच्च भरली, नळीने उरलीसुरली हवा ओढून घेतली, आणि सॅक मुनीच्या कानाशी जोरजोरात हलवली.

"बघा साहेब. हूं नाही की चूं नाही. आत पडदे आहेत. पाण्याला जागचं हलू देत नाहीत."

मुनीने पुन्हा हलवून पाहिली. खरेच, आत पाणी आहे याचा मागमूसही नव्हता. त्याला ती पाहताक्षणी आवडली. जुन्या सॅकच्या डुचमळण्याची त्याला मनातून लाज वाटत आली होती. एकदा शर्यतीत मागून कुणी ओरडले होते, "बाजूला व्हा रे, कपडे धुवायचं मशीन आलंय!" आणि ताईचे तर सारे जगच कानांत साठलेले. तिच्या तोंडापुढे वर्षानुवर्षे ही डबडब चाललेली. ती कधी बोलली नाही हा तिचा मोठेपणा. आपण शब्द तर देऊ शकत नाही, निदान निखळ शांतता तरी देऊ, असे त्याच्या मनात आले. त्या विचाराने तो इतका हळवा झाला की घासाघीस करायचीच विसरला.

रविवार लख्ख उजाडला. वारा नाही, ढग नाही. धार इतकी स्वच्छ दिसत होती की हात लावावा. पथकप्रमुख बाई ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या. त्यांनी ताईशी हस्तांदोलन केले आणि म्हणाल्या, "मी मागून येईन. मी नाहीच असं समजा."

"कोर्टात न्यायाधीशांनाही आम्ही तसंच समजतो," ताई म्हणाली.

पण पहिल्याच चढावर काहीतरी बिनसले. ताईचे पाऊल मुनीच्या टाचेवर पडले. मग ती फार मागे राहिली, आणि लूप ताणला जाऊन दोघांनाही हिसका बसला. जिथे वाट एकदम खाली जाते तिथे ती सपाटीवर धावावे तशी आली आणि हवेत पाय टाकून पडली. उठली, गुडघा चाचपला, "चल," म्हणाली. पुढच्या वळणावर पुन्हा पडली. इतक्या वर्षांत मुनीने तिला असे चाचपडताना पाहिले नव्हते. एखाद्या गवयाने स्वतःच्याच घरात सूर शोधत फिरावे, तसे ते दिसत होते. तो घाबरला आणि त्याने कधी न केलेली गोष्ट करू पाहिली: तो बोलू लागला. "दगड," तो म्हणे, आणि तोवर तिचा अंगठा दगडावर आदळलेला असे. "उजवीकडे," म्हणे, आणि वळण मागे पडलेले असे. त्याचे शब्द लंगड्या कुत्र्यासारखे वाटेच्या मागून धावत राहिले.

धार सुरू होण्याआधीच बाईंनी शिट्टी वाजवली.

"पाय उत्तम आहेत तुमचे," त्या ताईला म्हणाल्या. मग मुनीकडे वळल्या. "पण वर दोन्ही बाजूंना दरी आहे, आणि तुम्ही त्यांना वेळेवर काही सांगतच नाही. असं मी सोडू शकत नाही. पुढच्या रविवारी आणखी एक संधी देते, शेवटची. जमलं तर बोलणारा गाईड घेऊन या."

त्या दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात मुनीने तिच्या गुडघ्यावरची खरचटलेली जागा पुसली, औषध लावले, आणि मग डोंगर उचलावा तसे एक अख्खे वाक्य उचलले.

"मी रेडिओला विचारतो."

रेडिओ म्हणजे त्यांच्या क्लबातला एक उमदा, धडधाकट धावक. त्याचे तोंड श्वास घेण्यापुरतेही मिटत नसे.

"राजीनामा मागितला कुणी तुझा?" ताई म्हणाली.

"ताई, बाई बरोबर बोलल्या. मला नाही सांगता येत."

"रेडिओबरोबर मी धावलेय. फांदी आली की तो फांदी सांगतो, पाखरू दिसलं की पाखरू सांगतो, मधेच त्याच्या सासूबद्दल सांगतो. त्याच्या मागे मला वाट ऐकू येत नाही. तो एकटाच ऐकू येतो."

"आज तुला काय ऐकू आलं?"

ताईने औषध लावलेला गुडघा चाचपला. "काहीच नाही," ती सावकाश म्हणाली. "तेच तर. तू पुढे होतास, लूप हातात होता, आणि तरी तू नव्हतास. पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं. का, ते मला सांगता येत नाहीये, आणि हे मी दुसऱ्या कुणापुढे कबूल करणार नाही."

मुनी उठला. मन सैरभैर झाले की तो हातांना काम देई. जुन्या सॅकची उसवलेली पिशवी त्याने सकाळीच तिच्याकडे आणून ठेवली होती, नवीला काही झालेच तर हिची नळी तरी कामी येईल म्हणून. ती धुवावी, असे त्याला वाटले. त्याने चिरेवर बोटे दाबून ती नळाखाली अर्धी भरली, तोंड बंद केले आणि खळखळून हलवली.

"थांब."

तो थांबला.

"नाही, थांबू नकोस. पुन्हा कर."

त्याने पुन्हा हलवली. ताई खुर्चीतून उठली होती, तिचा चेहरा एका बाजूला किंचित कलला होता, आणि त्यावर असे काही उजळत आले होते की मुनीला त्या जुन्या घराची खिडकी आठवली.

"हा तू आहेस," ती म्हणाली.

त्याला कळले नाही.

"अरे, हा तू! डुब् झालं की तू खाली उतरलास. चुळ् झालं की वळलास. तू दगडावर चढताना पाणी आधी मागे जातं, मग पुढे आपटतं. ते आपटलं की मी पाय उचलते. तू बोलत कुठे होतास रे इतकी वर्षं? हे बोलत होतं."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"मला तरी कुठे माहीत होतं? डोळे होते तेव्हा 'आता मी डोळ्यांनी बघतेय बरं का' असं म्हणत बघायचे का मी? ती चीर टेपने बांध. घाल पाठीवर. जिना चढ."

त्याने चीर टेपने बांधली आणि पिशवी पाठीशी बांधून तो जिना चढला, उतरला. ताई खाली भिंतीकडे तोंड करून उभी.

"चढलास. थांबलास. एक पायरी गाळलीस, चावटपणा नको. आता उतरतोयस." मग एकदम: "डाव्या टाचेला काय झालंय?"

मुनी जिन्यातच थबकला. नवा बूट चावून टाचेला फोड आला होता. ते त्याने बायकोलाही सांगितले नव्हते.

"टाच टेकवत नाहीयेस तू. पाणी उजवीकडे जास्त झुकतंय. फोड आलाय?"

"हो."

"मग सांगायला काय जीभ झिजते?" ती म्हणाली, पण रागावण्याचे तिचे सोंग फार वेळ टिकले नाही.

तो पायरीवर बसून राहिला. आपल्या सगळ्यांना वाटत आले की ताई आपल्या आधाराने धावते. आणि ती तर कुणी ज्याला आवाजही म्हटले नसते, त्या ओबडधोबड डुचमळीतून चढ, उतार, वळण, दगड, आणि पुढच्या माणसाच्या मनातली चलबिचलही, झऱ्यातून सोने चाळावे तशी चाळून काढत होती. आणि इतक्या सहजपणे, की तिचे तिलाही ठाऊक नव्हते. त्याने आयुष्यभर न उच्चारलेल्या शब्दांचा ढीग कुठेतरी पडून असेल, असे त्याला वाटे. तो पडून नव्हता. मागून येणाऱ्या एका माणसाने तो जसाच्या तसा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने दोघांना येताना पाहिले आणि हातातला चहा खाली ठेवला.

"आम्हाला आवाज करणारी सॅक हवी," ताई म्हणाली.

"ताई, गरिबाची थट्टा करताय? लोक आवाज येतो म्हणून परत आणतात."

"परत आणलेल्या आहेत ना? त्याच दाखवा."

त्याने माळ्यावरून एक खोके काढले. त्यात नावडत्या सॅकचे एक अख्खे कुटुंब निघाले. मग तासभर त्या दुकानाचा जिना मुनीच्या पावलांनी दणाणत राहिला. एका पिशवीचा आवाज ताईला फुटका वाटला, एकीचा कुजबुजल्यासारखा. "ही चुगलखोर आहे, वळण नसतानाच वळण सांगते," असे एकीबद्दल ती म्हणाली. अखेर एक साधीशी, पिवळ्या रंगाची, आत एकही पडदा नसलेली सॅक तिने पकडली. पिशवी अर्धी भरायची आणि वरची हवा तशीच राहू द्यायची, म्हणजे पाण्याला बोलायला जागा मिळते, हेही तिनेच शोधले. दुकानदाराने आयुष्यभर गिऱ्हाइकांना उलटे शिकवले होते. तो आता आ वासून ऐकत होता, आणि मग हळूहळू त्यालाही चव लागली.

"पावसाचं काय पण?" त्यानेच विचारले. "आठवडाभर पाऊस सांगितलाय. शर्यतीपर्यंतही राहील."

मागच्या अंगणात पत्र्याखाली मुनीला उभे करण्यात आले. दुकानदाराने बागेचा पाइप पत्र्यावर धरला, नको तितक्या आनंदाने, आणि मुनी त्या तडतडाटात जागच्या जागी धावू लागला. ताई दाराशी. थोड्या वेळाने तिने हात वर केला.

"हरवला," ती म्हणाली. "पाण्यात पाणी हरवलं."

दुकानदाराने पाइप बंद केला. पत्र्यावरून थेंब गळत राहिले. निथळत उभ्या मुनीला त्याच वेळी लॅबमधल्या म्हाताऱ्यांची तक्रार आठवली. नवी कवळी बसवली की प्रत्येक जण पहिल्यांदा हेच सांगतो: चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो हो, बिस्किट खाल्लं तरी घर पाडल्यासारखं वाटतं. टाळूवर कडक पातळ तबकडी बसलेली असते, म्हणून तसे होते. मऊ मांस आवाज गिळते. तबकडी तो घुमवते. आपली पाठ म्हणजे मऊ मांसच की!

"मला एक दिवस द्या," तो म्हणाला.

"जरा मोठ्यानं म्हण," ताई म्हणाली. "हे वाक्य मला पुन्हा ऐकायचंय."

लॅबमध्ये उघड्या पाठीने पालथे पडून त्याने बायकोकडून स्वतःच्या पाठीचा साचा काढून घेतला. "थंड आहे!" तो ओरडला. "बघा, पाठीवर प्लॅस्टर थापलं की आवाज फुटतो तुम्हाला," ती म्हणाली. त्या साच्यावर त्याने कवळ्यांच्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकची पातळ तबकडी ओतली, तासली, कडा जिभेला बोचणार नाहीत अशा गुळगुळीत केल्या. पाठीला जीभ नसते हे त्याच्या हातांना कोण सांगणार! तबकडी पिवळ्या सॅकच्या आत, पिशवी आणि पाठ यांच्या मधोमध बसली. त्याने उडी मारली आणि आतून ढम्म असा खोल, गोल आवाज आला. पावसाच्या बारीक तडतडीखालून सरळ निघून जाईल असा.

"पाठीला टाळू बसवली," बायको म्हणाली. "आता तरी ऐकायचं आम्ही."

ती मुकी, निळी, महागडी सॅक परत गेली नाही. ती ताईने स्वतःच्या पाठीवर चढवली. "ही माझी. दोघांनी एकदम बोललं तर साक्ष खराब होते."

रविवारी धार दिसतच नव्हती. ढग खाली उतरले होते, पाऊस तिरका लागत होता, वाऱ्यात थंडीचे दात होते. पथकप्रमुख बाईंनी मुनीच्या पाठीवरचा पिवळा फुगवटा पाहिला, आजूबाजूला पाहिले.

"बोलणारा गाईड?"

"आणलाय," ताई म्हणाली. "चला."

मुनी धावू लागला. पाठीवर पाणी ढम्म, डुब्, ढम्म असे बोलू लागले आणि मागची पावले त्यात अशी मिसळली, की लूपवर ओढ नाही, हिसका नाही. जिथे गेल्या वेळी ताई पडली होती तिथे पाणी आपटले आणि त्याच क्षणी तिचे पाऊल खाली गेले, अचूक. चढ संपला. धार सुरू झाली. दोन्ही बाजूंना नुसती पांढरी पोकळी, मधोमध एवढीशी वाट. आणि तिथे, दगडांच्या रांगेपाशी, मुनीला पाठ एकदम हलकी झाल्याचे जाणवले. ताईने लूप सोडला होता. दगड धरायला तिला दोन्ही हात हवे होते. त्याने पाऊल चुकू दिले नाही. आता तिच्या आणि दरीच्या मध्ये फक्त त्याच्या पाठीवरचे पाणी होते. त्याने एकेक पाऊल असे टाकले, जसे आयुष्यात एकेक अक्षर टाकले नव्हते: स्पष्ट, भरीव, खोटेपणाला जागा न ठेवता. मागून दगडावर तळवे टेकल्याचा आवाज येत होता, श्वास येत होता. दगड संपले. दोन बोटे पुन्हा लूपमध्ये आली, सवयीच्या घरी यावी तशी.

धारेच्या माथ्यावर जरा रुंद जागा होती. तिथे ताई थांबली.

"पाणी पी," ती म्हणाली.

मुनीने मान हलवली, मग तिला दिसत नाही हे आठवून म्हणाला, "नको."

"खालपासून तू एक घोट घेतलेला नाहीस. आवाज तसाच आहे, तिळभर बदललेला नाही. जीभ टाळूला चिकटली असेल. पी."

तेच खरे होते. पाऊस तोंडावरून ओघळत होता आणि आत घसा वाळवंट झाला होता. पाण्याची पातळी त्याने लॅबमध्ये हळूहळू जुळवली होती. घोट घेतला की ती ढळणार, आणि उतार अजून बाकी होता.

पथकप्रमुख बाई पुढे आल्या. "मला हेच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "शर्यत लांब आहे. हे तहानेनं कोसळले तर मी दोघांना उचलू का? आणि प्यायले तर आवाज बदलणार. मग?"

"मग मी शिकेन," ताई म्हणाली. "मुनी, पी. पोटभर."

त्याने नळी ओठांत धरली आणि तो प्यायला. थंड पाणी आत उतरत गेले. पाठीवरचा भार हलका होत गेला. तो तोंड पुसतो न पुसतो तोच तिचा हुकूम आला.

"उडी मार."

त्याने मारली. पाणी आता वेगळेच वाजले: रुंद, घोगरे, जरा उशिरा येणारे. ताई मान कलती करून उभी होती. पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर थांबून खाली पडत होते.

"पुन्हा. आता वळ. दुसरीकडे. चार पावलं चाल, ये परत." तो चालला, आला. तिने आणखी एकदा उडी मारायला लावली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले.

"आवाज फुटला रे मुनीचा," ती म्हणाली. "बरं झालं, वयात आलास. चल, उतरू."

उतारावर ती पहिली काही पावले जपून आली, मग नेहमीसारखी, मग नेहमीपेक्षाही मोकळी. ढग मध्येच फाटला आणि खाली शहर दिसले, गच्च्या, रस्ते, एखादी चमकणारी खिडकी. ते तिला सांगावे असे मुनीला वाटले, आणि त्याने सांगितलेही. "खाली शहर दिसतंय, ताई."

"वाटेकडे बघ," ती म्हणाली. आणि जरा पुढे गेल्यावर, "कसं दिसतंय?"

पायथ्याशी पथकप्रमुख बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. त्यांनी ताईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"शर्यतीच्या दिवशी मी धारेवर असेन," त्या म्हणाल्या. "दगडांच्या रांगेपाशी. तिथे कुणाला ओरडू देणार नाही, टाळ्या वाजवू देणार नाही. तुम्हाला ऐकू यायला हवं."

"हे लेखी देता?" ताईने विचारले.

मुनी बाजूला उभा राहून निथळत होता. त्याने पाय बदलला, आणि पाठीवर उरलेले पाणी एकदा बोलले. ताईने बोलता बोलताच त्याच्या दिशेने मान वळवली.